आखाजीआधी पत्रा पांढरा

५ एप्रिल १९९८, रविवार, सुरत

कुरडया झाल्या एकदाच्या. हात चिकाने अजून ओढतायत.

आजची गंमत लिहून ठेवते. गल्लीत दोन खाटा टाकल्या. आबांचं एकच जुनं धोतर निघालं, ते एका खाटेवर. दुसरीवर मायचं काळं लुगडं. ऊन तेच, चीक तोच, सोऱ्या तोच. दुपारी उलटायला गेले तर लुगड्यावरच्या खडखडीत आणि धोतरावरच्या अजून मऊ! माय म्हणते, धोतर जाड शे. जाड कसलं, त्यातून पलीकडची गल्ली दिसते. लुगड्यावर तळहात टेकवला, चटका. धोतरावर टेकवला, काहीच नाही.

नववीत होतं हे. काळा पृष्ठभाग उष्णता शोषून घेतो, पांढरा परत पाठवतो. पाठ करून पैकीच्या पैकी मिळवले होते. खरं आहे हे मात्र आज कळलं!

मग मान वर गेली. आमचा पत्रा. डांबर! पावसाळ्यात गळू नये म्हणून सगळी गल्ली दरवर्षी पत्र्यावर डांबर फासते, थरावर थर. काळाकुट्ट. म्हणजे त्याच्याखाली आम्ही माणसं राहत नाही, कुरडया राहतो.

मायला हे ओरडून सांगितलं. ती म्हणाली, आधी उरलेल्या उलट.

६ एप्रिल

डोक्यात एकच चाललंय. आक्का.

गेल्या आखाजीला, अक्षय्यतृतीयेला, आक्का लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी आली. झोका बांधला होता, सांजोऱ्या केल्या होत्या. भर दुपारी पोळ्या लाटता लाटता तिच्या नाकाचा घोळणा फुटला, पीठ लाल झालं आणि ती तिथेच घेरी येऊन पडली. पेटत्या स्टोव्हपासून हातभर लांब. तिच्या सासूला, म्हणजे आमच्या विहीणबाईंना, हे कळलं आणि त्यांचा निरोप आला: त्या भट्टीत माझी सून पुन्हा येणार नाही.

आता आक्काला आठवा आहे. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत. विहीणबाई म्हणतात, रीत गेली चुलीत. त्यांचं दोंडाईच्याजवळ धाब्याचं घर, मातीच्या हातभर जाड भिंती, आत माठासारखा गारवा. त्यांचं खोटं कुठे आहे? तेच तर दुखतं.

नववा लागला की गाडीचा प्रवास नाही. म्हणजे आक्का आखाजीला आली तर आली, नाहीतर बाळ तिकडेच. मायने मात्र डिंक आणि खारका आणून डब्यात भरून ठेवल्यात, आणि डबा रोज पुसते.

पत्रा गार झाला तर?

८ एप्रिल

थर्मामीटर मिळालं!! आबांच्या डाइंग मिलमध्ये रंगाच्या पाण्याचं तापमान बघतात तेच. तिथल्या रंगाच्या मास्तरांनी आखाजीपर्यंत दिलंय. आबा पलसाण्याहून मिलच्या गाडीत मांडीवर घेऊन बसून आले, लहान मूल आणावं तसं. सोबत शेड जुळतोय का बघायला कापतात त्या चिंध्याही आणल्या, सगळ्या रंगांच्या.

आबांना आयुष्यभर रंगच कळतो. माल टाक्यातून निघाला की ओला असतानाच सांगतात, वाळल्यावर कुठला रंग उतरणार.

९ एप्रिल

प्रयोग. स्टीलचे पेले, सगळे सारखे. प्रत्येकात सारखं पाणी. प्रत्येकाला एका रंगाची चिंधी गुंडाळली आणि उन्हात मांडले. शेजारच्या जशोदाबेन लाटणं हातात घेऊनच बाहेर आल्या. "अली नंदा, आ शुं मांड्युं छे?" मी म्हटलं, पैज लावा, कुठलं पाणी जास्त तापेल. त्या म्हणाल्या लाल, लाल म्हणजे आग. माय म्हणाली पिवळा, हळद गरम असते. बाकीच्या बायकाही जमल्या. कुणी पोपटी म्हणालं, कुणी जांभळा. काळ्यावर कुणीच लावली नाही!

काळा पहिला. एकावन्न. मग नेव्ही ब्ल्यू, मग मरून, मग लाल, पोपटी. पिवळा बराच खाली. पांढरा सगळ्यात मागे, त्रेचाळीस. मी टाळ्या पिटल्या. पुन्हा मांडले, जागा बदलून. तेच! जशोदाबेनने पांढऱ्यात बोट घालून बघितलं, काळ्यात घातलं आणि "ओय मा!" करून बाहेर काढलं.

आबा संध्याकाळी आले. पेल्यांची रांग बघितली, नेव्हीची चिंधी बोटांत घेऊन म्हणाले, हा शेड मारवाडी व्यापाऱ्याने परत केलेला. बाकी काही नाही. मी काय सांगतेय आणि हे काय बघतायत!

१२ एप्रिल

कळीचा चुना आणला. पाण्यात टाकला तर काय खदखदला, पिंपाला हात लाववेना. जो स्वतःच इतका उकळतो तो आम्हाला गार करणार! मला हसू आवरेना.

वर चढून कुंच्याने मारला. पन्हाळीच्या पत्र्यावर खिळ्याखिळ्याने चालावं लागतं, नाहीतर दबतो. अर्धा पत्रा झाला आणि वारा आला. पापुद्रे निघाले, उडून जशोदाबेनच्या डाळीत. डांबरावर चुना धरतच नाही. डाळ त्यांनी हसत टाकून दिली. मायने मात्र रात्रीपर्यंत मला सुनावलं.

१३ एप्रिल

सापडलं! गम!

आम्ही मायलेकी साड्यांवर टिक्या चिकटवतो तो गम. धुतल्या तरी टिकी सुटत नाही, मग चुना कसा सुटेल? घोटून घोटून चुन्यात कालवला. दोन हात मारले. वाळल्यावर नखाने खरवडला, नाही निघाला!

माय गल्लीच्या टोकाला जाऊन लांबून बघून आली आणि तिचा चेहरा उतरलेला. "काय वं, घरनं कपाय पांढरं करी टाकं तू!" तिला विधवेचं कपाळ आठवलं. आबाही बघत राहिले. "मी इतला वरीस माल रंगाडस, आन मन्हाच घरवर कोरा माल?"

दोघंही खरंच दुखावलेत. मी थर्मामीटर पुढे केलं. त्यांनी तिकडे बघितलंही नाही.

१४ एप्रिल

ऐक, वही, ऐक. भर दुपारी जशोदाबेनच्या खोलीत त्रेचाळीस. भिंतीला भिंत लागून आमची खोली, तसाच पंखा, तसंच दार. अडतीस!

अडतीस!!

दोनदा बघितलं. जशोदाबेन आत येऊन उभ्या राहिल्या, गोल फिरल्या, म्हणाल्या, "तारा घरमां पंखो नवो आव्यो के शुं?" मग जमिनीवर बसल्याच. उठेनात.

मायने फरशीला पाय लावला, मग पत्र्याला हात लावायला स्टुलावर चढली. खाली उतरून डिंकाचा डबा पुसला.

१९ एप्रिल

एसटीडी बूथवर. आक्काच्या गावी दुकानात फोन लावला, तिला बोलावून आणेपर्यंत आमचं मीटर पळतंय. आक्का आली ती रडतच. "नंदे, आखाजी माले आठेच करनी पडी." म्हणजे सासरीच. मी पत्र्याचं सांगायला लागले, पेले, चुना, अडतीस. ती म्हणते, तू काय बोलतेस मला कळत नाही पण तू बोलत राहा.

मग विहीणबाईंचा आवाज. "पोरी, चुना लाईसन भट्टी काय देऊळ बनस का?" आणि फोन ठेवला.

भयंकर राग आला. बूथवाल्यासमोर पाय आपटला.

२२ एप्रिल

मुराळी कोण जाणार, यावर घरात भांडण. सासरहून लेकीला आणायला भाऊ जातो, आणि आम्हाला भाऊ नाही. आबांना रजा नाही, मिलमध्ये सीझन. चुलत भाऊ म्हणे, त्या बाईपुढे मी उभा राहणार नाही.

मी जाते म्हटलं. माय म्हणाली, पोरी कुठे मुराळी जातात का? आबा विडी विझवून म्हणाले, "जाऊ दे तिले. तोंड तिन्हंच शे." मला हे कौतुक वाटलं. आता लिहिताना शंका येतेय.

पण जातेय! पिशवीत थर्मामीटर, टॉवेलमध्ये गुंडाळून.

२४ एप्रिल, दोंडाईच्याजवळ, आक्काचं घर

ताप्ती लाइनची पॅसेंजर, प्रत्येक स्टेशनात श्वास घेत आली. आक्का दारातच. केवढी झालीय! मिठी मारायला गेले तर आधी पोटच आडवं आलं. हसलो दोघी, मग रडलो, मग पुन्हा हसलो.

विहीणबाई ओट्यावर बसलेल्या. मुराळी बघून म्हणाल्या, "भाऊ नही भेटना का?" मी पाया पडले. थर्मामीटर काढलं तर म्हणाल्या, काचेचं मला दाखवू नको, मला आकडे कळत नाहीत.

मग मी त्यांच्याच चुलीजवळ गेले. एक लोटा काजळीने काळा झालेला. तसाच दुसरा घासला, वरून चुना फासला. दोन्हींत त्यांच्याच माठातलं पाणी, दोन्ही उन्हात. त्या बघत नाही असं दाखवत बघत होत्या. चहा झाला, सुपारी कातरून झाली. मी म्हटलं, बोट घाला. त्यांनी पांढऱ्यात घातलं. काळ्यात घातलं. पुन्हा पांढऱ्यात. आक्काने माझा हात इतका दाबला की बांगडी रुतली.

"पानी थंड शे, मी कोठे नही म्हनस?" विहीणबाई म्हणाल्या. "पन मन्ही सून पानी नही शे."

मी दोन्ही लोटे ओतून पालथे घातले. खरंच बाई खोटं बोलत नाही.

जेवताना मग आपणहून: "मी सोता ईसू. दुपारले तठे बठसू. जीव घाबरा व्हयना तं सूनले लीसन संध्याकायनी गाडी धरसू."

येणार!! दोघीही येणार! उद्या निघायचं.

२५ एप्रिल, सुरत

लिहिवत नाही पण लिहिते.

पर्वत पाटियाला रिक्षातून उतरलो. मी पुढे, पिशव्या घेऊन, उड्या मारत. गल्लीच्या तोंडाशी आले आणि बघते तर आमचा पत्रा गुलाबी.

गुलाबी! भडक राणी कलर! लांबून दिसतो, लग्नाच्या मांडवासारखा. आबा खाली उभे, हातांना कोपरापर्यंत रंग, तोंडावर हे एवढं हसू. मिलमध्ये छपाईचा रंग उरलेला, तो मागून आणला, चुन्यात कालवला, दोन हात मारले. लेक येणार आणि घराला रंग नको? कोरं घर कसं दाखवायचं व्याह्यांना? "दख, कसा चढना! एकबी डाग नही."

आणि डाग खरंच नव्हता. एकसारखा, सुंदर. आक्का म्हणाली, आबा! आणि त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं. विहीणबाई म्हणाल्या, "देखनं शे हां, याही." व्याही खूश.

मी सगळ्यांच्या नकळत आत थर्मामीटर टांगलंय.

२६ एप्रिल, रविवार

एक्केचाळीस.

विहीणबाई बरोबर दुपारी जमिनीच्या मधोमध येऊन बसल्या, मांडी घालून, पूजेला बसावं तशा. पदराने वारा. मग दुसऱ्या हाताने. कपाळावरचं कुंकू ओघळून भुवईत आलं. आक्का भिंतीला टेकून, चेहरा लालबुंद, हसायचा प्रयत्न करत. मी तिच्या नाकाकडेच बघत होते.

विहीणबाई उठल्या, आक्काकडे वळल्या. "पोरी, पिशवी भर."

आणि मी आबांवर ओरडले. सगळ्यांसमोर. तुमच्या रंगामुळे ती चालली! पांढरा पुरे होता, अडतीस होतं, तुम्हाला कोरं सहन होत नाही! आबांनी आपले गुलाबी हात बघितले, मागे लपवले. तो क्षण कुणी पुसून देईल तर बरं.

मायने ओठ दाबून पिशवी घेतली. तेव्हा आक्का बोलली, अगदी हळू. "आबा, रंग भलता भारी शे. असा रंग कोन्हाच घरवर नही. पन माले पांढरं पाह्यजे."

आबांनी पिंप ओढलं, चुना उरलेला होता, गमचा डबा मीच दिला, आणि भर उन्हात अनवाणी वर चढले. पत्रा तापलेला, पाय एकदा हा, एकदा तो. मीही मागोमाग. खालून विहीणबाई ओरडल्या, "याही, पायमा चप्पल तं घाला!" आणि आपल्याच वहाणा वर फेकल्या. आबांच्या अर्ध्या पायात आल्या. तशाच घालून त्यांनी सगळा गुलाबी पांढरा केला. एकही डाग नाही.

शेवटी माय शिडीवर आली. आयुष्यात पहिल्यांदा. हातात कुंकवाचा करंडा. म्हणाली, सरका. तेल-कुंकू कालवून तिने पत्र्याच्या मधोमध परातीएवढा टिळा काढला. "आते पांढरं कपाय नही," म्हणाली, आणि उतरायची कशी म्हणून वरच घाबरून बसली. आक्का इतकी हसली की तिला पोट धरावं लागलं.

संध्याकाळची गाडी गेली. विहीणबाईंनी पिशवी उघडून सुपारीचा डबा बाहेर काढला, तेवढंच.

२७ एप्रिल

अडतीस! टिळ्यासकट!

विहीणबाई पुन्हा मधोमध बसल्या. मांडी. वाऱ्यासाठी पदर हातात घेतला, धरूनच राहिल्या. म्हणाल्या, मला दुपारी कधी झोप येत नाही, तेव्हा मी नीट बघणार. मग भिंतीला टेकल्या. मग आडव्या झाल्या, कंबर मोडते म्हणून. मग घोरल्या!

आम्ही चौघंही भिंतीला लागून, तोंडावर हात. आबा आज मुद्दाम रात्रपाळीला जाणार होते हे बघायला. आक्का बोटाने खूण करतेय, कुणी हसायचं नाही.

चहाला उठल्या. मी विचारलं, मग? "एक दुपारमा काय समजस? उद्या परत दखसूत."

२८ एप्रिल

आज पुन्हा बसल्या. पुन्हा घोरल्या. उठून म्हणाल्या, आज ऊनच कमी होतं. कुठे कमी होतं! जशोदाबेनकडे त्रेचाळीस आहे.

जशोदाबेनच्या पत्र्याला उद्यानंतर चुना मारायचाय. त्यांच्या घरमालकाला आधी वाटलं, डांबर खरवडतायत. मी वर नेऊन दाखवलं, डांबर खाली तसंच आहे, गळणार नाही, फक्त वरून पांढरं.

आबांशी अजून नीट बोलले नाही. काल रात्रपाळीचा त्यांचा डबा मी भरला, दोन सांजोऱ्या जास्त टाकल्या. त्यांनी जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवला. केसांना गुलाबी लागलं. तो रंग नखांतून जाता जात नाही.

२९ एप्रिल, आखाजी

घागर भरली, वर खरबूज ठेवलं, पितरांना जेवू घातलं. आमरस. खापरावरच्या पोळ्या मायने बाहेर केल्या, आक्काला चुलीजवळ येऊ दिलं नाही. झोका कडुलिंबाला. आक्का नुसती बसली, मी हळूच हलवला. तिची गाणी तिने म्हटली, गेल्या वर्षी राहून गेलेलीसुद्धा.

विहीणबाईंना मायने विचारलं, सणाला तुमच्या घरी घागर कोण भरेल? त्या म्हणाल्या, थोरली सून शे ना. आणि दुपार झाली म्हणून आत जाऊन बसल्या. म्हणजे झोपल्या.

मला राहवलं नाही. आक्काला म्हटलं, आता सरळ विचारू या, हो की नाही. तिने माझं तोंडच दाबलं. "विचारू नको वं. त्या नही म्हनतीन तं? असंच चालू दे."

३० एप्रिल

विहीणबाई उद्याची गाडी आहे म्हणाल्या. कुणाची, ते सांगितलं नाही. आक्काची पिशवी अर्धी भरलेली, अर्धी रिकामी, खुंटीला. माय तिच्याकडे बघत नाही, मी दर थोड्या वेळाने बघते.

दुपारी मी टिक्या चिकटवायला बसले होते. सदतीस, आज तर सदतीस! सांगायला मान वर केली आणि तशीच राहिले. विहीणबाई घोरतायत. त्यांच्या शेजारी आक्का, कुशीवर, एक हात पोटावर, तोंड थोडं उघडं. कपाळ कोरडं. गाढ.

ती नेमकी तिथेच झोपलीय जिथे गेल्या आखाजीला पडली होती. त्याच फरशीवर. त्या वेळी मी तिथलं रक्त पुसलं होतं आणि मायने मला परत परत पुसायला लावलं होतं.

मी मायला खुणेने बोलावलं. दोघी उभ्या राहून बघत राहिलो. मायचा हात माझ्या हातात, थंडगार, पाण्यातून आलेला. मला इतका आनंद झालाय की तो कुठे ठेवू कळत नाही.

आक्काने झोपेत कूस बदलली, तशी विहीणबाईंची झोप मोडली. डोळे न उघडताच त्यांनी हात लांब केला, सुनेच्या मानेवरून फिरवला, घाम आहे का ते चाचपलं. तळवा डोळ्यांसमोर धरून बघितला. मग आम्ही उभ्या आहोत हे दिसलं.

"काय दखतस?" म्हणाल्या. "अजून मन्हं ठरनं नही." आणि भिंतीकडे तोंड करून पुन्हा झोपल्या.